आंबिलीपुरती ज्वारी

हैदराबादेतल्या ज्या मराठी घरांची मुळं मराठवाड्यात आहेत, तिथे गौरी-गणपतीच्या दिवसांत महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी नैवेद्याला पुरणपोळी, सोळा भाज्यांची भाजी, कढी, वडे, पंचामृत असा थाट असतो, आणि ताटाच्या कडेला एका वाटीत ज्वारीच्या पिठाची आंबील असते. पुरणावर तुपाची धार पडते. आंबील जो तो बोटभर चाटतो आणि पुढच्या पदार्थाकडे वळतो. आमच्या घरी बरीच वर्षं ज्वारीचं पीठ आणलं जातं ते या वाटीपुरतं. दोन पिढ्यांमागे याच घरात दोन्ही वेळा चुलीवर भाकरी होत होती आणि पोळी सणाला होत होती. आता पोळी रोजची झाली आणि ज्वारी सणाची.

हे कसं घडलं, असं विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. लोकांना गव्हाची चटक लागली, जुनं पौष्टिक अन्न विसरले, खेडीही बिघडली. आम्हीही हे उत्तर अनेकदा दिलेलं आहे. पण गावाकडच्या माणसांशी बोलताना, घरातल्या जुन्या गोष्टी जुळवताना ते टिकेना. खेड्यातलं घर काय खातं हे जिभेवर फार थोडं ठरतं. दावणीला जनावरं किती, दळायला हात कोणाचे, मजुरी धान्यात की पैशात, दुकानात काय मिळतं आणि पाहुण्यासमोर काय वाढलं तर मान राहतो, हे सगळं आधी येतं.

आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होतं; भाषावार प्रांतरचनेत ते उस्मानाबादेत आणि पुढे १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. निझामाच्या काळात शाळा, कचेरी, कोर्ट सगळं हैदराबादेत, म्हणून आमचे पणजोबा इकडे आले आणि राहिले. जमीन गावीच राहिली. विकाराबादहून बीदर, उदगीर करत परळीला जाणारी गाडी हा दोन्ही घरांमधला दोर होता. उन्हाळ्यात उदगीर स्टेशनावर ज्वारीची पोती चढत आणि काचीगुड्याच्या घरी उतरत. पोत्यांच्या तोंडाशी बांधलेल्या सुतळीवरून आजी ओळखायची की हे पोतं घरच्या खाण्याचं की विकण्याचं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

त्या काळी ज्वारी हे अन्न होतं तसंच चलनही होतं. बलुतेदारांचं बलुतं खळ्यावर ज्वारीत मापलं जाई. सालगड्याचं साल ठरताना पैशाआधी ज्वारी किती हे ठरे. घोंगडी आणि चपला वरून. काढणीला आलेल्या बायकांची मजुरी पेंढ्यांत किंवा कणसांत दिली जाई. मजुराच्या घरी ज्वारी शिजत होती कारण मजुरी ज्वारीत मिळत होती. मोठ्या घरांत पेव असे, जमिनीत खोल खणलेला, आतून कडबा लावलेला आणि वरून मातीने लिंपलेला खड्डा. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं राही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा माणूस मारते, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक होतं. दुष्काळात ज्याच्या पेवात ज्वारी त्याचा गावावर शब्द चाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निझाम संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाली, तेव्हा कोणाचं पेव कुठे आहे ही घराबाहेर न सांगण्याची गोष्ट झाली.

आता जनावरांकडे वळू, कारण शहरातला माणूस नेमकी हीच बाजू विसरतो. ज्वारीच्या एका ताटाला दोन खाणारे असतात. कणीस माणसाचं, कडबा जनावराचं. रब्बीची मालदांडी माणसापेक्षा उंच वाढते, तिचं ताट गोडसर असतं, बैल ते आवडीने खातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही रब्बीत टिकून आहे, यामागे भाकरीची चव आहे तेवढाच कडबाही आहे. बैल उपाशी राहिले तर पुढचं वर्ष नांगराविना जाईल, म्हणून काय पेरायचं हे ठरवताना शेतकरी आधी गोठा बघतो आणि मग चूल.

१९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, आला. खेड्यात त्याला कोणी या नावाने ओळखलं नाही. सगळे ‘हायब्रेट’च म्हणत. उत्पन्न दांडगं, पण ताट बुटकं आणि कडबा थोडा. खरिपात लवकर तयार व्हायची आणि नेमकी पावसात सापडायची. दाणा काळा पडायचा. भाकरी थापताना पीठ तुटायचं, कडा फाटायच्या. सरकारी माणसं म्हणत, शेतकरी नव्याला भितो. खरिपात मात्र शेतकऱ्याने हायब्रेट भरपूर पेरली आणि रब्बीत मालदांडी सोडली नाही. यात भीती कुठे होती? दोन हंगामांचे दोन निराळे हिशेब होते.

या हिशेबाचा अभ्यास आपल्या शहराच्या वेशीवरच झाला, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७५ पासून त्यांनी काही खेड्यांत आपली माणसं मुक्कामाला ठेवली: महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कानझरा आणि किनखेड. ही माणसं घरोघर जाऊन कोणी काय पेरलं, काय विकलं, काय खाल्लं, कोणाकडून उसनं आणलं हे वर्षानुवर्षं टिपत राहिली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारीच्या दाण्याइतकाच तिचा कडबा मोलाचा आहे आणि दाण्याच्या तुलनेत कडब्याची किंमत वाढत चालली आहे, हे याच संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी पुढे आकड्यांनिशी मांडलं. हैदराबादच्या म्हशींच्या गोठ्यांसाठी येणाऱ्या कडब्याच्या बाजाराचाही त्यांनी अभ्यास केला. आपण रोज सकाळी जे दूध घेतो त्यातही थोडी ज्वारी आहे, असं म्हणायला हरकत नाही.

इथे आमच्या घरचं एक सांगितलं पाहिजे. सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय ही हकिगत अर्धीच राहील. हायब्रेट आल्यावर आमच्या शेतातही ती पेरली गेली. ती ज्वारी आम्ही खाल्ली नाही. घरच्या पोत्यांत मालदांडी भरली जायची, आणि सालगड्याच्या सालात, काढणीच्या मजुरीत हायब्रेट मापली जायची. माप तेच, पायलीही तीच, म्हणून कोणाला बोलता येत नव्हतं. सालगड्याच्या बायकोने एकदा आजीसमोर पदरातलं पीठ धरून दाखवलं होतं, एवढं आम्हाला माहीत आहे. आजीने तिला वाटीभर आपलं पीठ दिलं आणि विषय संपला. विषय कोणासाठी संपला, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. त्या घराने पुढे ज्वारी सोडून गव्हाला जवळ केलं असेल, तर त्यात चटकेचा भाग किती आणि त्या पिठाचा किती?

मग १९७२ आलं. पावसाने सलग दगा दिला होता आणि त्या वर्षी खरीप, रब्बी दोन्ही गेले. कडबा संपला, जनावरं बाजारात मातीमोल गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १८७६-७८ च्या दुष्काळाशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध सरकारला अर्जावर अर्ज करावे लागले होते. १९७२ ला माणसं हलाखीत जगली, पण बहुतेक जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना या काळात रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

या दुष्काळाने खेड्याच्या जेवणात दोन गोष्टी आणल्या. एक सुकडी, कामावरच्या माणसांना वाटली जाणारी. दुसरी मिलो, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. अमेरिकेत ती जनावरांना घालतात, ही बातमी गावात धान्याच्या आधी पोचली होती. भाकरी तांबूस व्हायची, कडवट लागायची, पण रांगेत उभं राहून तीच घ्यावी लागायची. त्या पिढीच्या माणसांसमोर आजही ‘मिलो’ म्हटलं की चेहरा बदलतो. ज्वारीचा अपमान झाला तो तिथे, असं आम्हाला वाटतं. पेवातली ज्वारी ही ऐपतीची खूण होती. मिलोनंतर ज्वारी आणि लाचारी एकाच रांगेत उभी राहिली.

त्याहून मोठा बदल शांतपणे झाला. दुष्काळी कामाची मजुरी रोख मिळे. मजूर पहिल्यांदाच आठवड्याला हातात पैसे घेऊन बाजारात उभा राहिला आणि काय घ्यायचं हे त्याला ठरवता आलं. मालकाच्या खळ्यावरची, मालकाने निवडलेली ज्वारीच खाल्ली पाहिजे ही सक्ती सुटली. रेशनच्या दुकानात गहू होता. गव्हाची पोळी म्हणजे सण, लग्न, वाड्यातलं ताट. ती आता मंगळवारीही खाता येत होती. या निवडीला चटक म्हणणारे आम्ही कोण? आम्ही तर ती पोळी आधीपासूनच खात होतो. आमच्या वाड्यातसुद्धा पाहुणा आला की भाकरीचा तवा उतरून पोळीचा चढे. भाकरी ‘आपल्या’ माणसांसाठी, पोळी मानाच्या माणसासाठी, हे आम्हीच गावाला शिकवलं होतं.

बायकांच्या हातांचा हिशेब तर कोणी मांडलाच नाही. पहाटे तीनला उठून जात्यावर दोघींनी बसायचं, घरभर माणसांचं दळण काढायचं, मग चुलीपुढे एकेक भाकरी थापायची. जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याला फार कौतुक. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, ते काम थोर आहे. पण ज्या बाईने गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात ढकललं, ती ओव्या गमावल्याचं दुःख करत बसली नसावी. गिरणीने दळण सुटलं, थापणं सुटलं नाही. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते गरम पाण्यात मळावं लागतं, प्रत्येक भाकरीपुरतं वेगळं, आणि थापायला हात बसायला वर्षं लागतात. भाकरी गरम असेपर्यंत लोण्यासारखी, दुपारपर्यंत कडक. गव्हाची कणीक सकाळी एकदाच भिजवली की भागतं, पोळी डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहते, पीठही ज्वारीच्या पिठासारखं लवकर कडू होत नाही. ज्या घरातली बाई दिवसभर रोजगारावर जाते आणि मुलगा डबा घेऊन तालुक्याच्या शाळेत जातो, त्या घराने पोळी निवडली तर त्यात नवल काय? भाकरी खावी असं सांगणाऱ्यांत भाकरी थापणारे किती, हे एकदा मोजायला हवं.

रेशनचा जोर किती असतो हे पाहायचं तर आमच्या सोयऱ्यांकडे पाहावं. उदगीरच्या आसपासच्या घरांच्या सोयरिकी तीन राज्यांत पसरलेल्या. जमीन एकच काळी, घरातली भाषा एकच, वेळ अमावास्येला शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील खायची रीतही एकच. पण १९५६ ला मधून रेघा ओढल्या गेल्या आणि हळूहळू ताटं वेगळी झाली. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८३ साली दोन रुपये किलो तांदूळ दिला. तिकडे गेलेल्या आमच्या आत्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांत जेवण म्हणजे भात झाला. विहिरी-बोअरवर भाताची खाचरं आली ती वेगळीच. महाराष्ट्रात राहिलेल्यांना गहू आणि तांदूळ दोन्ही मिळाले, आणि त्यांनी पोळी धरली. बीदरकडच्यांना २०१३ पासून ‘अन्नभाग्य’चा तांदूळ आहे, तरी तिथे ज्वारीची रोट्टी अजून पुष्कळ घरांत रोज होते. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लावला. कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त झाली. पण आमच्या गावच्या दुकानात पोत्यांतून निघतो तो गहू आणि तांदूळच.

जुन्या अन्नाचं फार गुणगान करण्याआधी आपल्याच शहरातली आणखी एक नोंद आठवावी. राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हैदराबादेत ‘पेलाग्रा’चे रुग्ण दिसत. उन्हाने भाजल्यासारखी कातडी, जुलाब, भ्रम असा हा आजार. ते रुग्ण बहुतांशी दख्खनच्या पठारावरचे, ज्वारीवर जगणारे गरीब लोक होते. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी त्याचा संबंध असावा, असं गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं. डाळ, दूध, भाजी असलेल्या ताटातली ज्वारी निराळी आणि मीठ-मिरचीबरोबर दोन्ही वेळा फक्त ज्वारी, ही निराळी. वाड्यातली भाकरी पौष्टिक होती, कारण तिच्याबरोबर वरण होतं, ताक होतं. सालगड्याच्या घरी ती तशी नव्हती.

सगळीच घरं बदलत्या वाऱ्याबरोबर गेली असंही नाही. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, जहीराबादच्या बाजूला, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित आणि गरीब शेतकरी बायकांच्या संघमांनी १९९० च्या दशकात उलटा प्रयोग केला. पडीक जमिनी लागवडीला आणायला कर्ज द्यायचं, परतफेड ज्वारीत घ्यायची, आणि ती ज्वारी गावातल्याच गरजू घरांना स्वस्तात द्यायची. रेशनच, पण आपल्या शेतातलं. धान्य कोणतं असावं हे इथे खाणाऱ्या बायकांनी ठरवलं. त्यांच्या कामाला २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

बाकी ठिकाणी ज्वारी शेतातूनच हटत गेली. १९६० च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. आता ती ४० लाखांच्या आसपास उरली आहे. लातूर-उदगीरकडे खरिपात सोयाबीन आलं, रोख पैसा आला. ट्रॅक्टर आला, बैल गेले, त्यांच्याबरोबर कडब्याची अर्धी निकड गेली. राहिली ती म्हशींपुरती. रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, त्याला माणसं मिळेनात. आणि एक अडचण अशी की ती शहरातल्या कोणाला सुचणार नाही: पाखरं. सगळं शिवार ज्वारीचं असे तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खात. आता गावात दोघांनीच ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरं त्या दोघांच्याच रानात उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर बसायला आता घरातलं कोण रिकामं आहे? एकट्याने ज्वारी पेरणं परवडत नाही, म्हणून उरलेलाही सोडतो.

इकडे शहरात ज्वारीचे दिवस फिरले. केंद्र सरकारने २०१८ साली तिचं नाव भरडधान्यातून काढून पोषक धान्यात घातलं, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे तृणधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आमच्या घरातही साखर वाढलेल्या दोघांना डॉक्टरांनी भाकरी सांगितली. संध्याकाळी हैदराबादच्या रस्त्यांच्या कडेला बायका चुली मांडून जोन्न रोट्टे थापतात, आणि गाड्या थांबवून ती नेणाऱ्यांत आम्हीही असतो. थापणाऱ्या बायका बहुतेक खेड्यातून आलेल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी रात्री काय शिजतं, असं आम्ही एकदा विचारलं. भात, असं उत्तर मिळालं, आणि तेही हसून.

हमीभावाच्या यादीत सरकार अजूनही दोन ज्वाऱ्या वेगळ्या मोजतं. २०२३-२४ च्या खरिपासाठी संकरितचा भाव क्विंटलला ३१८० रुपये होता आणि मालदांडीचा ३२२५. बाजारात हे अंतर कितीतरी जास्त असतं, कारण मालदांडीला आता आमच्यासारखं गिऱ्हाईक आहे.

आमच्या जमिनीवर सध्या जे वाटेकरी आहेत ते त्या सालगड्याचेच नातू. ते मालदांडी पेरत. दाणा चांगल्या भावाने विकत, कडबा आपल्या दोन म्हशींना ठेवत आणि घरी रेशनच्या गव्हाच्या पोळ्या खात. आमच्यासाठी एक पोतं मात्र दर उन्हाळ्यात बाजूला काढलेलं असे. माप भरताना ते नेहमी सांगत, मालक, ही घरची आहे बरं का. गेल्या रब्बीत त्यांनी ज्वारी पेरली नाही, हरभरा पेरला. फोनवर सांगताना त्यांचा आवाज थोडा अवघडला होता. पाखरांचं सांगितलं, मजुरांचं सांगितलं. आम्ही म्हटलं, बरोबर केलंत.

यंदाच्या आंबिलीसाठी दोन किलो ज्वारी आम्ही बेगम बाजारातून आणली. दुकानदाराला विचारलं, मालदांडी आहे ना? तो म्हणाला, सगळे तेच विचारतात.